पालक सापडला, घर नाही

शंकाशी माझं भांडण दुपारी दोनला सुरू झालं, आणि चूक माझी होती हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं ऐकताना तुम्ही माझी बाजू घ्याल, आणि मला ते नको आहे.

शंका हे काही तिचं खरं नाव नाही. आमच्या कंपनीत ती यंत्रांची चाचणी घेते आणि तिला प्रत्येक गोष्टीची शंका येते, म्हणून ते मीच पाडलं आणि चिकटलं. आम्ही घरी लावायची ऑक्सिजनची यंत्रं बनवतो. ज्यांची फुफ्फुसं थकली आहेत अशी माणसं नाकात नळी घालून दिवसभर त्या यंत्राशेजारी बसतात, झोपतात, टीव्ही बघतात. कोणाला मिनिटाला किती लिटर द्यायचा ते डॉक्टर ठरवतात आणि तो आकडा यंत्राच्या पोटात लिहून ठेवलेला असतो.

त्या दुपारी शंका माझ्या टेबलापाशी आली आणि म्हणाली की तिच्याकडचं एक यंत्र आकडा विसरलंय. तिने तीन लिटर भरला होता, माझ्या सॉफ्टवेअरची नवीन आवृत्ती टाकली, यंत्र बंद करून चालू केलं आणि पडद्यावर आला एक. एक हा कारखान्याचा आकडा. यंत्र कोरं असेल, त्याला अजून कोणी काही सांगितलेलं नसेल, तेव्हा ते एकवर चालतं.

मी म्हणाले, तू नीट भरला नसशील. ती म्हणाली, सात वेळा भरला, साती वेळा विसरलं. मी म्हणाले, वायर बदल. तिने वायर बदलून आणली होती. मी म्हणाले, शेजारचं यंत्र बघ, तेच सॉफ्टवेअर आहे आणि ते कुठे विसरतंय? ती म्हणाली, तेच तर विचारायला आलेय. तिचा आवाज शांत होता आणि त्यामुळे माझा चढत गेला. मला माझ्या कामावर कोणी बोट ठेवलं की अंगाची लाही होते. ही सवय चांगली नाही, पण आहे.

त्यात घाईसाहेब. हे आमचे साहेब, आणि हेही नाव माझंच. सकाळी अकराला त्यांनी नवीन आवृत्ती चाचणीच्या वीस घरांमध्ये पाठवली होती, आणि पाचला ती उरलेल्या चारशे घरांमध्ये जायची होती. ते केबिनमधून बाहेर यायचे, घड्याळ बघायचे, आमच्याकडे बघायचे आणि पुन्हा आत जायचे. एक अक्षर बोलायचे नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

या सगळ्यात टेबलावरचा माझा फोन थरथरला. आत्या. मी तो उपडा ठेवला.

आत्याचा फोन रोज याच सुमाराला येतो आणि प्रश्न एकच असतो, जेवलीस का? मी जेवलेली असो वा नसो, हो म्हणते, ती बरं म्हणते आणि फोन ठेवते. तीस सेकंदांचं काम. पण त्या दिवशी तीस सेकंदंही मला जड वाटली. थोड्या वेळाने तो पुन्हा थरथरला. मी तो ढकलून कागदांखाली सारला.

आता माझं काम काय ते सांगते, कारण सगळी गोम तिथेच आहे. यंत्र चालू झालं की पहिली तीन सेकंदं माझी. त्या वेळी जो छोटा प्रोग्रॅम जागा होतो त्याला बूटलोडर म्हणतात. झोपेतून उठलेल्या माणसाला आपण कुठे आहोत हे क्षणभर कळत नाही, तसं त्याचं असतं. म्हणून त्याच्या हातात एक नकाशा दिलेला असतो. त्याला आम्ही झाड म्हणतो, कारण तो फांद्याफांद्यांचा असतो. यंत्रात कुठले भाग आहेत, कुठला भाग कोणाच्या हाताखाली, सगळं त्यात लिहिलेलं. मेमरीची चिप म्हणजे घर, आणि घराचे पाडलेले तुकडे म्हणजे खोल्या. एका खोलीत मुख्य सॉफ्टवेअर, एका खोलीत जुनी आवृत्ती, आणि एका छोट्या खोलीत रुग्णाचा आकडा.

बूटलोडरला सांगितलं जातं, आकड्याची खोली उघड. झाडात खोली सापडते, पण ती कुठल्या घरात आहे हे खोलीला स्वतःला माहीत नसतं. मग झाडात एक पायरी वर चढायचं आणि तिचा पालक शोधायचा. पालक हा शब्द मला हे काम शिकवणाऱ्या म्हाताऱ्या इंजिनिअरचा. सगळे पेरेंट म्हणत असताना तो हट्टाने पालक म्हणायचा आणि आम्ही भाजीचे विनोद करायचो. तो निवृत्त झाला, विनोद शिळे झाले, शब्द राहिला.

तर पालक सापडला की घर सापडलं. सहा वर्षांपूर्वी मी हा भाग लिहिला, तेव्हापासून तो एकदाही चुकला नव्हता. हेच मी शंकाला चढ्या आवाजात ऐकवत होते.

"ठीक आहे," ती म्हणाली. "मग तुझ्याच प्रोग्रॅमने लिहून ठेवलेलं तूच वाच."

तिने लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. चालू होताना बूटलोडर काय करतोय ते ओळीओळीने लिहीत जातो. त्या ओळी इतक्या भराभर सरकतात की कोणी वाचत नाही. शंकाने त्या थांबवून ठेवल्या होत्या आणि एका ओळीवर बोट ठेवलं. ती माझीच ओळ होती, सहा वर्षांपूर्वीची, मी गंमत म्हणून मराठीत लिहिलेली.

पालक सापडला, घर नाही. पहिलं घर घेतलं.

मी ती दोनदा वाचली. ही वेळ कधी येणार नाही असं तेव्हा वाटलं होतं, म्हणून मी मागेपुढे न बघता लिहिलं होतं, की पालकाकडे घर नसलं तर यादीतलं पहिलं घर घ्या आणि पुढे चला. प्रोग्रॅम अडकून पडू नये एवढाच हेतू.

शंकाच्या टेबलावरचं यंत्र नवीन खेपेतलं होतं. त्यात मेमरीची चिप दुसऱ्या बनावटीची, म्हणून नकाशाही वेगळा. त्या नकाशात या नवीन आवृत्तीपासून घर आणि खोल्या यांच्यामध्ये आणखी एक पायरी घातली होती, जुन्या आवृत्तीत ती नव्हती. ती पायरी म्हणजे घर नव्हे. तिच्याकडे स्वतःची एक इंचसुद्धा जागा नाही. ती फक्त सगळ्या खोल्यांना एकत्र धरून ठेवते, त्यांची नावं, त्यांची मापं सांभाळते. घर तिच्याही वर. माझा प्रोग्रॅम एक पायरी चढला, पालक भेटला, त्याच्याकडे घर मागितलं, नाही म्हटल्यावर तिथूनच माघारी फिरला. आणखी एक पायरी चढला असता तर काम झालं असतं. त्याऐवजी तो यादीतल्या पहिल्या, भलत्याच चिपमध्ये शिरला, तिथली जागा कोरी दिसली, आणि कोरी म्हणजे नवं यंत्र असं समजून त्याने एक लिहिला. वर गजरही नाही, कारण यंत्राच्या मते सगळं आलबेल होतं. मागितला एक, दिला एक.

सांभाळतो तो पालक, आणि पालक असेल त्याचं घर असणारच, हे मी धरून चालले होते. मी. आई माझ्या धाकट्या भावाच्या वेळी गेली. बाबा जहाजावर, वर्षातले दहा महिने पाण्यात. आत्या दोन महिन्यांसाठी म्हणून आली आणि बावीस वर्षं राहिली. शाळेच्या फॉर्मवर पालक म्हणून तिची सही असायची आणि पत्त्याचा पुरावा मागितला की शाळेतल्या बाई विचारायच्या, घर तुमच्या नावावर आहे का? आत्या म्हणायची, घर भावाचं, पोरं माझी. बाबा गेल्यावर माझ्या भावांनी घर विकलं. मी सही केली. आत्या एका घरमालकाच्या वरच्या मजल्यावर एका खोलीत राहायला गेली. माझ्याकडे दोन खोल्या आहेत, पण दुसरीत माझे बोर्ड, वायरी आणि मोडकी यंत्रं भरलेली आहेत. ती रिकामी करते, करते, असं मी तीन वर्षं म्हणत होते.

शंका म्हणाली, "वीस घरांतल्या कोणाकडे नवीन खेप आहे का?"

तिने यादी उघडली. सतरा जणांकडे जुनी यंत्रं. तीन नवीन. त्यातली दोन दवाखान्यात अजून खोक्यात होती. तिसऱ्यापुढचं नाव तिने वाचलं नाही, फक्त माझ्याकडे बघितलं. ते यंत्र मीच गेल्या महिन्यात भांडून मिळवलं होतं. नवीन काही आलं तर आधी माझ्या आत्याला, असं मी सगळ्यांसमोर म्हणाले होते.

पहिल्यांदा मला हायसं वाटलं, कारण आत्या यंत्र कधीच बंद करत नाही. ती त्याला घाबरते आणि त्याला जपते. बंद केलं नाही तर नवीन आवृत्ती लागू होत नाही. तीन लिटर चालू होता, तीनच चालू असणार. हे मी शंकाला सांगत होते आणि सांगता सांगता मला कागदांखालचा फोन आठवला.

तीन फोन येऊन गेले होते. आत्या एकदाच करते. उचलला नाही तर दुसऱ्या दिवशी करते.

मी लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिला. माझी पाचावर धारण बसली. खालच्या घरमालकाला वर पाठवावं तर त्यांचा नंबर माझ्याकडे नव्हता. तीन वर्षांत मी तो कधी घेतलाच नव्हता. कुठल्या चिपमध्ये कुठली खोली किती लांबीवर सुरू होते ते मी झोपेत सांगेन.

"यंत्राच्या नोंदीत असेल," शंका म्हणाली आणि तिने आत्याच्या यंत्राचं कार्ड पडद्यावर आणलं. नाव, वय, पत्ता, आकडा तीन. पालक किंवा काळजी घेणारी व्यक्ती, इथे जागा रिकामी. तातडीच्या वेळी कोणाला कळवावे: घरमालक, खालचा मजला. आणि नंबर.

घरमालकांनी पहिल्याच घंटेला उचलला. मी कोण ते सांगितलं. ते म्हणाले, हो हो, भाची ना तुम्ही, आत्याबाई सांगतात तुमच्याबद्दल. मी म्हणाले, वर जा, फोन घेऊनच जा, आत्ता. त्यांनी कारण विचारलं नाही. जिन्यावर त्यांच्या चपला वाजायला लागल्या. त्यांचे गुडघे दुखतात हे मला त्या चपलांवरून कळलं. तोवर शंका दुसऱ्या फोनवर रुग्णवाहिकेला पत्ता सांगत होती.

दार ढकलल्याचा आवाज आला. मग त्यांनी दोनदा हाक मारली.

"झोपल्यासारख्या आहेत," ते म्हणाले. "डोळे उघडतायत, पण बोलत नाहीत. ओठ जरा निळसर दिसतायत हो."

"यंत्रावर आकडा किती आहे?"

"एक."

प्रत्येक यंत्रात जुनी आवृत्ती एका खोलीत जपून ठेवलेली असते. निळं बटण दाबून धरत यंत्र चालू केलं आणि दहा सेकंदं सोडलं नाही, तर ती जुनी उठते. हे माहिती-पुस्तकात सत्तेचाळिसाव्या पानावर आहे आणि ते कोणीही वाचलेलं नाही. मी घरमालकांना सांगितलं, बटण बंद करा, निळं दाबा, दाबलेलं ठेवून चालू करा, दहा मोजा. त्यांनी केलं. मोजण्याचा आवाज मला येत होता, एकदोनतीनचार, गाडी पकडायची असल्यासारखा. मग ते म्हणाले, एकच आहे अजून.

मला ओरडावंसं वाटलं. ओरडले नाही. म्हणाले, काका, आता माझ्याबरोबर मोजा, मी म्हणेन तेव्हाच पुढचा आकडा. आणि मी मोजायला लागले. शंका माझ्या शेजारी उभी राहून घड्याळाकडे बघत मान हलवत होती, म्हणजे मीही घाई करू नये. घाईसाहेब केबिनच्या दारात उभे होते. दहा झाल्यावर मी म्हणाले, सोडा. पुढची तीन सेकंदं माझीच होती, सहा वर्षं मी त्यांचा अभिमान बाळगला होता, आणि त्या दुपारी ती मला संपता संपेनात.

"एक," घरमालक म्हणाले. "नाही, थांबा. पुसला गेला. तीन. तीन आला."

मी खाली बसले. खुर्ची होती की नव्हती हे बघितलं नाही, नशिबाने होती. घाईसाहेब तेवढ्यात म्हणाले, एका खेपेचाच प्रश्न आहे ना, मग जुन्या यंत्रांना पाठवायला काय हरकत? शंका म्हणाली की पाठवणं तिने पंधरा मिनिटांपूर्वीच थांबवलंय आणि विचारायचं राहून गेलं. तिचा आवाज तेव्हाही शांत होता.

मी आत्याकडे पोचले तेव्हा रुग्णवाहिकेतली नर्स आवरून निघतच होती. बोटाला चिमटा लावून तिने सगळं तपासलं होतं, ऑक्सिजन भरत आलाय म्हणाली, आणखी तासभर उशीर झाला असता तर मात्र कठीण होतं, असंही म्हणाली. घरमालक खुर्चीत बसून गुडघे चोळत होते. आत्या उशीला टेकून बसली होती. ओठांवर रंग आला होता. मला बघून तिने विचारलं, जेवलीस का?

मी नाही म्हणाले. कितीतरी वर्षांत पहिल्यांदा.

घरमालक खाली गेले. यंत्र घरघरत होतं, पडद्यावर तीन. तिचा आकडा कुठेही गेलेला नव्हता. तो दिवसभर त्याच्या खोलीतच होता, डॉक्टरांनी लिहिला तसाच. त्याला विचारायला कोणी गेलं नव्हतं, एवढंच.

मी म्हणाले, "आत्या, तू यंत्र बंद कशाला केलंस? तू तर कधी हात लावत नाहीस."

"त्यानंच सांगितलं. पडद्यावर आलं, नवीन आवृत्ती आली आहे, बंद करून चालू करा. म्हटलं, करावं की नाही? हे तिनंच बनवलंय, तिलाच विचारावं. म्हणून तुला लावला." तिने श्वास घेतला. "तीनदा लावला. मग खाली विचारलं. ते म्हणाले, यंत्रच सांगतंय तर करा."

मी फोन उपडा ठेवला होता, हे मी तिला सांगितलं. कागदांखाली सारला, तेही सांगितलं. ती म्हणाली, कामात असशील. तिने एक शिवी घातली असती तर मला सोपं गेलं असतं.

यंत्राच्या बाजूला प्लास्टिकच्या पाकिटात तिचं कार्ड अडकवलेलं होतं, ऑफिसात पडद्यावर पाहिलेलं तेच. मी ते काढलं आणि विचारलं की पालकाची जागा रिकामी का.

आत्या हसली, मग खोकली, मग पुन्हा हसली. "अगं, दवाखान्यातल्या त्या कारकुनानं विचारलं, पालक कोण? म्हटलं, मीच. तिघांची. तो म्हणाला, आजी, तुमचे पालक कोण, तुम्हाला कोण सांभाळतं? मग म्हटलं, राहू दे रिकामं."

"माझं नाव का नाही सांगितलंस?"

"तू माझी पोर. पोरीला पालक कसं म्हणायचं?"

"आणि खाली त्यांचा नंबर?"

"ते फोन उचलतात," ती म्हणाली. तिने ते सहज म्हटलं, दूधवाला सकाळी येतो म्हणावं तसं.

मी पर्समधून पेन काढलं. त्या बुटक्या रकान्यात नाव मावेल इतकं बारीक लिहावं लागणार होतं. मी तिला म्हणाले की रविवारी शंकाला मदतीला घेऊन दुसरी खोली रिकामी करते, सगळे बोर्ड ऑफिसात नेऊन टाकते, आणि तू तिथे राहायला ये. ती म्हणाली, रविवार येऊ दे, मग बघू. हे रविवार तिने पुष्कळ ऐकले होते. माझा हात तसाच रकान्यावर थांबलेला तिने पाहिला.

"लिहायचं तर लिही," ती म्हणाली. "पण मग उचलत जा."